नाव कोणी सुचवायचे?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर मी दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा पाककृतीच लिहिल्या. यंदा संपादक भगिनींनी “इतिहासावर एखादा लेख हवा, तुम्ही वाचनालयातून पुस्तके नेता, तुम्हीच लिहा” असा आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे शाळेत पाठ केलेल्या सनावळ्या, एवढीच माझी समजूत. त्यामुळे प्रथम मी नाहीच म्हटले. पण गेल्या वर्षी दोन लहानशा गोष्टी घडल्या आणि त्यांनी मला एका मोठ्या इतिहासापाशी नेऊन सोडले. तोच आज माझ्या कुवतीप्रमाणे सांगते. काही चुकलेमाकले तर पदरात घ्यावे.

पहिली गोष्ट आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेतली. आमच्याकडे पाण्याची फार ओढ. कोणत्या दिवशी पाणी किती वाजता आले, किती वेळ आले, टाकी केव्हा धुतली, हे सारे मी वर्षभर एका वहीत लिहून ठेवले होते. ती वही घेऊन मी सभेला गेले. बोलायला उभी राहिले तोच एक गृहस्थ म्हणाले, “वहिनी, दाखल्यावर नाव मिस्टरांचे आहे. त्यांना पाठवा. तुम्हाला बसायला हरकत नाही, पण बोलता यायचे नाही.” मी वही मिटली आणि घरी आले. राग आला, पण त्याहून जास्त नवल वाटले. पाणी भरणारी मी, वही लिहिणारी मी, आणि सभेच्या लेखी मी नाहीच!

दुसरी गोष्ट आपल्याच मंडळातली. वर्धापनदिनी शाल-श्रीफळ कोणाला द्यावे, याची चर्चा चालली होती. मी सहज विचारले, “सव्वीस वर्षे मंडळाचा हिशेब एका पैचीही चूक न करता लिहिणाऱ्या आपल्या काकूंचा सत्कार आजवर का झाला नाही?” सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एकजण खरे तेच बोलली, “अहो, त्यांचे नाव कधी कोणी सुचवलेच नाही.”

त्या रात्री भाजी निवडताना मी हे दोन्ही किस्से माझ्या मुलीला सांगितले. ती बी.एस्सी.ला आहे. ती म्हणाली, “आई, तुझी ही गत झाली ना, तशीच लंडनच्या रॉयल सोसायटीत एका थोर बाईंची झाली होती.” आणि तिने मला जी हकीकत सांगितली, ती ऐकता ऐकता भाजी तशीच राहिली. पुढे कित्येक रात्री ती इंग्रजीतून वाचून मराठीत सांगत असे आणि मी वहीत उतरवून घेत असे. पाण्याच्याच वहीची उरलेली पाने कामी आली.

आता रॉयल सोसायटी म्हणजे काय, ते आधी सांगते. २८ नोव्हेंबर १६६० रोजी लंडनमध्ये बारा विद्वान एकत्र जमले आणि निसर्गाची रहस्ये प्रयोग करून शोधण्यासाठी त्यांनी एक मंडळ काढले. १६६२ साली राजाची सनद मिळाली. न्यूटन, डार्विन अशी मोठमोठी माणसे तिचे सभासद होऊन गेली. तिच्या सभासदाला ‘फेलो’ म्हणतात आणि तो आपल्या नावापुढे एफ.आर.एस. अशी तीन अक्षरे लावतो. मला वाटत असे, फेलोशिप म्हणजे शिष्यवृत्ती, दरमहा पैसे मिळण्याची सोय. तशीही फेलोशिप असते. पण ही त्यातली नव्हे. हा मान आहे. नवा फेलो निवडला गेला की तो सनदेच्या जाड पुस्तकात सही करतो. पहिल्या दिवसापासूनच्या फेलोंच्या सह्या त्याच पुस्तकात आहेत. मग अध्यक्ष त्याचा हात हातात घेऊन त्याला सोसायटीत दाखल करून घेतात.

या मानाची एक खुबी आहे. त्यासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. आधीच्या फेलोंनी नाव सुचवावे लागते, या माणसाने काय काम केले ते कागदावर लिहून खाली सह्या कराव्या लागतात. मगच निवडीचा विचार होतो. म्हणजे कितीही थोर काम केले तरी आतल्या कोणीतरी बाहेरच्याकडे बोट दाखवावे लागते.

आपल्या मुंबईला तर याचा फार जुना अनुभव आहे. या सोसायटीचा पहिला भारतीय फेलो आपल्या गोदीतला माणूस होता! अर्देशीर कर्सेटजी वाडिया हे त्यांचे नाव. जहाजे बांधणाऱ्या घराण्यातले. १८३४ साली त्यांनी माझगावातला आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली, तेव्हा ते नवल पाहायला गर्दी लोटत असे. १८४१ साली ते एफ.आर.एस. झाले. आमच्या घरातले गोदीतच नोकरीला, म्हणून हे वाचून मला विशेष आनंद झाला. त्यानंतर दुसरा भारतीय निवडला जायला तब्बल ७७ वर्षे लागली. तो म्हणजे श्रीनिवास रामानुजन, १९१८ साली. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधला कारकून. गणितापलीकडे कशात लक्ष नाही, म्हणून कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला. त्याची पत्रे वाचून हार्डी नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाने त्याला विलायतेला बोलावले आणि त्याच्या नावासाठी खटपट केली. रामानुजनची बुद्धी तर दैवी होतीच, पण ती ओळखून नाव पुढे करणारा हार्डी नसता तर?

हे झाले पुरुषांचे. आता बायकांची कथा ऐका.

१६६७ सालच्या मे महिन्यात मार्गारेट कॅव्हेंडिश नावाची एक सरदारपत्नी सोसायटीची सभा पाहायला गेली. ती स्वतः विज्ञानावर ग्रंथ लिहीत असे. तिला येऊ द्यावे की नाही यावरच मोठा वाद झाला. शेवटी येऊ दिले, प्रयोग दाखवले आणि निरोप दिला. बसायला हरकत नाही, पण सभासद व्हायचे नाही! तिच्यानंतर पुढची पावणेतीनशे वर्षे एकही स्त्री फेलो झाली नाही.

त्या काळात बायका विज्ञानाचे काम करीत नव्हत्या असे मात्र मुळीच नाही. कॅरोलिन हर्शेल ही जर्मनीतली मुलगी. दहा वर्षांची असताना ज्वराने तिची वाढ खुंटली. आईचा बेत तिला घरकामाला जुंपण्याचा होता. भाऊ विल्यम तिला इंग्लंडला घेऊन गेला. तो दुर्बिणीचे आरसे घाशीत बसला की तासन्‌तास हात काढता येत नसे, तेव्हा ही त्याला घास भरवीत असे. घर सांभाळून ती रात्री आकाश पाहू लागली आणि तिने आठ शेंडेनक्षत्रे शोधली. १७८७ साली राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड पगार ठरवून दिला. १८२८ साली खगोलशास्त्राच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले. हे पदक दुसऱ्या स्त्रीला मिळाले ते थेट १९९६ साली, अमेरिकेच्या व्हेरा रुबिन यांना. मधली १६८ वर्षे कोरडी!

मेरी सॉमरव्हिल ही दुसरी. तिचा पहिला शोधनिबंध १८२६ साली रॉयल सोसायटीपुढे गेला तो तिच्या नवऱ्याच्या हातून, कारण तो फेलो होता. पुढे तिचा ग्रंथ इतका गाजला की सोसायटीच्या लोकांनी वर्गणी काढून तिचा संगमरवरी अर्धपुतळा करून घेतला, आपल्या दालनात ठेवण्यासाठी. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी तिला पुन्हा एकदा वाचायला लावले. पुतळा आत आणि बाई बाहेर! १८३५ साली खगोलशास्त्रज्ञांच्या सोसायटीने कॅरोलिन आणि मेरी या दोघींना मानद सभासद केले. ‘मानद’ म्हणजे हार घ्या, पण सभेत तुमचे मत विचारणार नाही.

आता मुख्य हकीकत. हर्था आयर्टन हे त्या बाईंचे नाव. जन्म १८५४ सालचा. वडील घड्याळे दुरुस्त करीत. ते १८६१ साली गेले आणि मागे कर्ज आणि लेकरे ठेवून गेले. आईने शिवणकाम करून संसार ओढला. हर्था धाकट्या भावंडांना सांभाळीत असे. मावशी लंडनमध्ये शाळा चालवीत होती, तिने नऊ वर्षांच्या या मुलीला आपल्याकडे नेले म्हणून ती शिकली. पुढे चांगल्या लोकांच्या मदतीने केंब्रिजला गेली. तिथे परीक्षा दिली, पण पदवी मिळाली नाही, कारण त्या काळी तिथे मुलींना पदवी देत नसत.

पुढे संध्याकाळच्या वर्गात विजेचे शास्त्र शिकताना तिथले प्राध्यापक आयर्टन यांच्याशी १८८५ साली लग्न झाले. ते स्वतः एफ.आर.एस. होते. त्या काळी रस्त्यावर विजेचे आर्क दिवे असत. कोळशाच्या दोन कांड्या जवळ आणून किंचित दूर केल्या की मध्ये वीज झगझगीत पेटते, तो हा दिवा. तो सारखा फुसफुसत असे, फडफडत असे. का, ते कोणालाच ठाऊक नव्हते. प्राध्यापक आयर्टन यांनी त्यावर लिहिलेले कागद मोलकरणीने शेगडी पेटवायला वापरले, असे सांगतात. त्यांनी तो विषय सोडला आणि हर्थाबाईंनी हाती घेतला. हवेतला प्राणवायू तापलेल्या कोळशाच्या खळग्यात शिरतो म्हणून दिवा फुसफुसतो, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. १८९९ साली विद्युत-इंजिनियरांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १९०२ साली त्यांचा आर्क दिव्यावरचा जाड ग्रंथ निघाला.

त्याच १९०२ साली जॉन पेरी या त्यांच्या शास्त्रज्ञ मित्राने पुढाकार घेऊन रॉयल सोसायटीकडे हर्थाबाईंचे नाव सुचवले. कागदावर इतर फेलोंच्या सह्याही झाल्या. आजवर जे कोणी केले नव्हते ते झाले. सोसायटीची पंचाईत झाली. तिने वकिलांचा सल्ला घेतला. वकिलांनी सनद पाहिली, कायदा पाहिला आणि मत दिले की विवाहित स्त्रीला फेलो होता येत नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईचे वेगळे अस्तित्वच नवऱ्याच्या अस्तित्वात झाकले गेले, असे धरीत. तिचे काम कमी आहे असे कोणी म्हटले नाही. शोध चुकीचा आहे असेही कोणी म्हटले नाही. दाखल्यावर नाव मिस्टरांचे आहे, एवढेच म्हटले!

मैत्रिणींनो, हे ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या इमारतीची सभा उभी राहिली.

गंमत अशी की, १९०४ साली त्याच सोसायटीने त्यांना आपला निबंध स्वतः वाचू दिला. असा निबंध वाचणारी ती पहिली स्त्री. विषय होता समुद्रकाठच्या वाळूवर उमटणाऱ्या लाटांच्या वळ्या. आपण ओहोटीच्या वेळी चौपाटीवर गेलो की पायाखाली त्या वळ्या लागतात. नवऱ्याच्या आजारपणात समुद्रकाठी राहावे लागले, तेव्हा त्यांनी त्या पाहिल्या आणि मग घरी काचेच्या टाक्यांत वाळू-पाणी हलवून त्या कशा होतात ते शोधले. १९०६ साली सोसायटीने त्यांना आपले ह्यूज पदकही दिले. पदक चालते, सभासदत्व चालत नाही. आणि हे पदक पुढे दुसऱ्या स्त्रीला मिळाले ते २००८ साली.

१९०८ साली नवरा वारला. पहिल्या महायुद्धात खंदकातला विषारी वायू बाहेर ढकलण्यासाठी हर्थाबाईंनी हाताने हलवायचा एक पंखा तयार केला. वाळूच्या वळ्यांवरून पाण्याच्या भोवऱ्यांचे जे ज्ञान मिळाले होते, ते इथे उपयोगी पडले. असे लाखभर पंखे सैन्याकडे गेले.

मग १९१९ साली इंग्लंडात कायदा झाला की, स्त्री आहे किंवा विवाहित आहे एवढ्याच कारणाने कोणालाही अशा संस्थेचे दार बंद करता येणार नाही. मी मुलीला म्हटले, “चला, सुटला प्रश्न!” ती म्हणाली, “नाही सुटला, आई. पुढे ऐक.” कायद्यानंतर हर्थाबाई चार वर्षे हयात होत्या. १९२३ साली त्या गेल्या. त्या चार वर्षांत त्यांचे नाव पुन्हा पुढे आले नाही. आणि त्यांचेच नव्हे, त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ एकाही स्त्रीचे नाव कोणी सुचवले नाही. कायद्याने कुलूप काढले होते. पण कडी काढायला आतले कोणी उठले नाही.

मला या साऱ्या इतिहासात हीच जागा फार महत्त्वाची वाटते. ‘बायकांना घेणार नाही’ असे म्हणणारा निदान भांडायला तरी सापडतो. पण ‘अहो, नाव कोणी सुचवलेच नाही’ यात भांडायचे कोणाशी? त्यात कोणाचाच दोष नसतो आणि सगळ्यांचाच असतो.

अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, १९४३ साली, एका वर्तमानपत्राने सोसायटीला जाहीर सवाल केला. सोसायटीच्या आतल्या काही फेलोंनीही उचल खाल्ली. अध्यक्ष सर हेन्री डेल यांनी टपालाने सर्व फेलोंची मते मागवली. मोठ्या बहुमताने नियमात बदल झाला आणि २२ मार्च १९४५ रोजी दोन स्त्रिया फेलो म्हणून निवडल्या गेल्या. सोसायटी स्थापन होऊन २८५ वर्षे झाली होती.

त्या दोघी कोण, हे वाचून तुम्हालाही बरे वाटेल. मार्जरी स्टीफन्सन यांनी तरुणपणी पैशांच्या अडचणीमुळे काही वर्षे गृहशास्त्र शिकवण्याची नोकरी केली होती. मग त्या केंब्रिजला जंतूंच्या रसायनाकडे वळल्या. दुसऱ्या कॅथलीन लॉन्सडेल. दहा भावंडांतले शेंडेफळ. वडील आयर्लंडमध्ये पोस्टमास्तर. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या स्फटिकांची आतली रचना शोधीत. बेंझीन या द्रव्याचा षटकोन सपाट असतो, हा पुष्कळ दिवसांचा वाद त्यांनी १९२९ साली मिटवला.

लग्नानंतर सारे सोडून केवळ घर सांभाळावे, असा विचार त्यांनीही केला होता. पण नवरा म्हणाला, मी फुकटची घरकामवाली मिळावी म्हणून लग्न केलेले नाही! तीन मुले झाली. मुले लहान असताना त्या घरी बसून आकडेमोड करीत. त्यांचे गुरू सर विल्यम ब्रॅग यांनी घरकामाला बाई ठेवता यावी म्हणून पैशांची सोय करून दिली. या ब्रॅगसाहेबांना माझा नमस्कार! शिष्यवृत्ती पुष्कळजण देतात. शिष्येच्या घरची भांडी कोण घासणार, याचा विचार करणारा गुरू विरळा.

लॉन्सडेलबाई युद्धाच्या विरोधात होत्या. १९४३ साली युद्धकाळच्या नोंदणीला नकार दिल्याबद्दल दोन पौंड दंड झाला, तो त्यांनी भरला नाही आणि महिनाभर तुरुंगात काढला. तुरुंगातून सुटून दोन वर्षे होतात तोच त्यांनी सनदेच्या पुस्तकात सही केली. पुढे १९५६ साली राणीकडून ‘डेम’ हा किताब घ्यायला जायचे होते. त्यासाठी टोपी हवी, तर ती त्यांनी पुठ्ठा, लेस आणि नऊ पेनींची फीत आणून घरीच केली म्हणे. किताब मोठा, पण बाई आपल्यासारखीच!

फ्रान्सची कथा थोडक्यात सांगते. मादाम क्यूरींना १९०३ साली नोबेल मिळाले होते, तरी १९११ च्या जानेवारीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना एक-दोन मतांनी नाकारले. त्याच वर्षी त्यांना दुसरे नोबेल मिळाले! त्या मात्र पुन्हा त्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. पूर्ण सभासद म्हणून तिथे पहिली स्त्री निवडली गेली ती १९७९ साली. क्यूरीबाई जाऊन तेव्हा ४५ वर्षे झाली होती.

मग माझ्या मनात आले, आपल्याकडे काय घडले? आपल्याकडची कथा ऐकून मला हसू आणि रडू दोन्ही आले.

कमला सोहोनी हे नाव आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत यांची ही धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली येऊन त्यांनी १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका तिथेच शिकलेले. संचालक होते नोबेल मिळालेले सर सी. व्ही. रामन. ते एफ.आर.एस. १९२४ सालीच झाले होते. त्यांनी मुलगी म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई बंगलोरला जाऊन ठाण मांडून बसल्या. अखेर रामन यांनी एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर घेतले. तुमच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये, हीसुद्धा एक अट! कमलाबाईंनी वर्षभर दूध आणि डाळींवर असे काम केले की रामन यांचे मत बदलले, आणि तिथून पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, ज्या हॉपकिन्स साहेबांच्या विभागात स्टीफन्सनबाई काम करीत तिथेच, आणि १९३९ साली पीएच.डी. होऊन परत आल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर त्यांनी काम केले. गरिबांच्या मुलाबाळांना आणि गरोदर बायकांना नीरेचा कसा उपयोग होतो ते दाखवले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

आता दुसरी बाजू पाहा. याच रामन यांनी १९३४ साली बंगलोरला भारतीय विज्ञान अकादमी काढली, आणि १९३५ साली तिच्या फेलोंमध्ये एका स्त्रीचे नाव आले! त्या ई. के. जानकी अम्माळ, केरळातल्या तेलिचेरीच्या. उसाच्या वाणांवर आणि वनस्पतींच्या गुणसूत्रांवर त्यांनी मोठे काम केले. लंडनच्या सोसायटीला स्त्री घ्यायला २८५ वर्षे लागली, आपल्या अकादमीला एक वर्ष लागले. एकच माणूस १९३३ साली दार लावतो आणि १९३५ साली त्याच्याच अकादमीचे दार एका स्त्रीला उघडते. माणूस बदलतो, मात्र कोणीतरी दारात ठाण मांडून बसावे लागते, हे मला यातून दिसले.

पण एकीला घेतले म्हणजे सगळ्यांना घेतले असे होत नाही. देशाची दुसरी मोठी अकादमी १९३५ सालची. आज तिला भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणतात, ती दिल्लीला आहे. तिथे जानकी अम्माळ १९५७ साली आणि कलकत्त्याच्या रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी १९६० साली फेलो झाल्या. पण तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, चंद्रिमा शाहा, बसल्या त्या २०२० साली. आणि भारतात राहून काम करणारी पहिली स्त्री रॉयल सोसायटीची फेलो झाली ती २०१९ साली. वेल्लोरच्या डॉक्टर गगनदीप कांग. लहान मुलांना जुलाबाने ग्रासणाऱ्या रोटाव्हायरसवर आणि त्याच्या लसीवर त्यांचे काम आहे. अर्देशीर वाडियांनंतर १७८ वर्षांनी!

कमलाबाई सोहोनींची अखेर मात्र मनाला चटका लावते. पुष्कळ वर्षे स्त्री-शास्त्रज्ञांच्या याद्यांत त्यांचे नावच नसे. दिल्लीच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी असलेल्या डॉ. सत्यवती यांना हे कळले. त्यांनी १९९८ साली कमलाबाईंना बोलावून मोठा सत्कार केला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि लवकरच गेल्या. त्यांचे वय पंचाऐंशीच्या पुढे गेले होते. एका बाईने दुसऱ्या बाईचे नाव पुढे केले, पण किती उशिरा!

माझी मुलगी म्हणते की मानसन्मानासाठी कोणी संशोधन करीत नाही. ते खरेच असेल. हर्थाबाई फेलो नसूनही आर्क दिवा फुसफुसायचा थांबवता आला, आणि वाळूवरच्या वळ्या कोणी फेलो आहे की नाही हे पाहून उमटत नाहीत. तरीपण मान म्हणजे नुसती शाल नव्हे. ज्याचे नाव पुस्तकात असते त्याला सभेत बोलता येते. त्याला दुसऱ्याचे नाव सुचवता येते. आत गेलेली एक बाई दहाजणींकडे बोट दाखवू शकते. म्हणून नाव पुस्तकात यावे लागते.

हे सारे लिहून झाल्यावर मी ह्यांना वाचून दाखवले. हे सातवीच्या बाईचे लिखाण आहे, हसाल, असे मला वाटले होते. हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोदीतून येताना सभासदत्वाच्या दाखल्यावर माझे नाव जोडण्याचा फॉर्म घेऊन आले आणि सही करून माझ्यापुढे ठेवला. फॉर्म दिला आहे. नाव अजून चढायचे आहे. चढले की पाण्याची वही घेऊन मी पुन्हा सभेला जाणार आहे.

आणि आपल्या मंडळापुढे माझी एक सूचना आहे. सत्काराची चर्चा आयत्या वेळी तोंडी न करता कपाटात एक वही ठेवावी. ज्या कोणाला एखादीचे काम ठाऊक असेल तिने त्या वहीत तिचे नाव लिहावे, तिने काय केले ते चार ओळींत लिहावे आणि खाली दोघींनी सह्या कराव्यात. त्या नावात मंडळाबाहेरचीही चालावी. मसाला कांडून मुलांना शिकवणारी, शेजारणीच्या बाळंतपणात रात्र जागवणारी, प्रयोगशाळेत काम करणारी, कोणीही. नाव निवडले गेले नाही तर पुढल्या वर्षी पुन्हा विचारात घ्यावे, खोडू नये.

पहिल्या पानावर पहिले नाव मी लिहून ठेवले आहे. सव्वीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या आपल्या काकूंचे. खाली माझी सही आहे. दुसऱ्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे.

— एक सभासद भगिनी